वाचकांचे प्रश्न : खेळाचे प्रक्षेपण आणि त्यामागचा पैसा

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाच्या वेगवेगळ्या बाजूंना हात घालणारी होती. टीव्हीवर आणि मोबाइलवर कोणता खेळ दिसतो, कोणता दिसत नाही, त्याबद्दल कोण बोलते आणि त्या बोलण्याचे पैसे कोण देते, हा त्या सगळ्यांचा गाभा आहे. म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

धनकवडीतील एक वाचक विचारतात : माझ्या वडिलांकडे डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची बिनावर्गणीची डिश सेवा आहे. त्यावर भारताचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने दिसतात, पण आयपीएल कधीच दिसत नाही. माझ्याकडे केबल आहे, दरमहा पैसे भरतो, तरीही दूरदर्शन लावले तर भारताचा सामना दिसत नाही. फुकट पाहणाऱ्याला सामना मिळतो आणि पैसे भरणाऱ्याला मिळत नाही, हे कसे?

उत्तर : आपल्या पत्रातील दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींना कायद्याचा आधार आहे. १९९३मध्ये हीरो कप या क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद झाला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९५मध्ये न्यायालयाने असा निर्णय दिला की, प्रक्षेपणासाठी वापरल्या जाणाऱ्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांच्यावर सरकारचीही मक्तेदारी असू शकत नाही. खासगी वाहिन्यांना क्रीडा प्रक्षेपणात मोकळी वाट मिळाली ती या निकालानंतर. पुढे मोठे सामने पैसे भरणाऱ्यांपुरतेच उरतील अशी भीती निर्माण झाली, तेव्हा संसदेने २००७मध्ये कायदा करून राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे थेट चित्रण प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला देणे हक्कधारक (प्रक्षेपणाचे हक्क विकत घेतलेल्या) वाहिनीला बंधनकारक केले. दूरदर्शनवर त्या सामन्यातून जे जाहिरातींचे उत्पन्न होते, त्याचा ७५ टक्के वाटा हक्कधारकाला आणि २५ टक्के प्रसार भारतीला मिळतो.

कोणते सामने राष्ट्रीय महत्त्वाचे, याची यादी केंद्र सरकार ठरवते. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने त्या यादीत आहेत, तसेच ऑलिंपिक, आशियाई आणि राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धाही आहेत. आयपीएल नाही, कारण तिथे देशाचा संघ खेळत नाही. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या मालकीच्या या स्पर्धेत फ्रँचायझी, म्हणजे खासगी मालकांचे संघ खेळतात.

राहिला आपल्या केबलचा प्रश्न. ऑगस्ट २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कायद्याने मिळालेले हे चित्रण दूरदर्शनने आपल्या भूस्तरीय (साध्या अँटेनावर दिसणाऱ्या) प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवावे; खासगी केबल आणि डीटीएचवाल्यांपर्यंत ते जाऊ नये. त्यामागचा विचार असा की, ज्याच्याकडे केबल आहे तो हक्कधारक वाहिनीचे पैसे भरू शकतो, आणि कायदा आहे तो ज्याला ते परवडत नाही त्याच्यासाठी. मला हा निकाल योग्य वाटतो. आपल्या वडिलांना जे मिळते, तो त्यांच्यावर कोणी केलेला उपकार नाही, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. यादी वाढवायचीच असेल, तर तिच्यात आयपीएल यावे असे मी म्हणणार नाही. कबड्डी आणि खो-खो यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांना त्यात पक्की जागा मिळावी, असे म्हणेन.

आयपीएल फुकट का नाही, याचे उत्तर आकड्यांत आहे. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. हा हिशेब ४१० सामन्यांवर मांडला, तर एका सामन्याला सुमारे ११८ कोटी आणि पूर्ण चाळीस षटके धरली तर एका चेंडूला सुमारे ४९ लाख रुपये पडतात. त्या वेळी टीव्हीचे हक्क एका कंपनीकडे आणि डिजिटल हक्क दुसरीकडे होते. त्या दोघांच्या चढाओढीत २०२३चा हंगाम मोबाइलवर फुकट मिळाला. नोव्हेंबर २०२४मध्ये दोन्ही व्यवसाय एकत्र आले, फेब्रुवारी २०२५मध्ये एकच ॲप झाले आणि सामना पूर्ण पाहायचा तर वर्गणी किंवा रिचार्जसोबतचा पॅक घ्यावा लागू लागला. दोन विक्रेते असतात तेव्हा गिऱ्हाईकाला घासाघीस करता येते. एकच उरला की तो सांगेल तो भाव.

सहकारनगरहून एक निवृत्त प्राध्यापिका लिहितात : आकाशवाणीवर बाळ पंडित यांचे मराठी समालोचन ऐकत आम्ही मोठे झालो. आता टीव्हीवर इतके मोठे माजी खेळाडू बोलतात, पण संघनिवड चुकली किंवा खेळपट्टी वाईट असली, तरी सगळे उत्तम चालले आहे असेच ऐकू येते. त्यांना बोलायला बंदी असते का?

उत्तर : बाई, आपल्या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल, कारण 'बंदी आहे' किंवा 'नाही' असे एका शब्दात ते सांगता येत नाही.

आधी व्यवस्था पाहू. भारतात होणाऱ्या सामन्यांचे आणि आयपीएलचे जे मूळ चित्रण जगभर जाते, ते भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्वतः करते. कॅमेरे कुठे लावायचे, कोणता प्रसंग पुन्हा दाखवायचा आणि त्या चित्रणावर माइकसमोर कोण बसणार, हे ठरवणारे मंडळच असते. म्हणजे ज्या संस्थेच्या कारभारावर बोलायचे, तीच संस्था बोलणाऱ्याचे मानधन देते. मराठी, हिंदी आणि इतर भाषांतले समालोचक बहुधा वाहिनी नेमते. परंतु वाहिनीने हजारो कोटी मोजून हक्क घेतलेले असतात ते मंडळाकडूनच, आणि पुढचा लिलाव तोंडावर असतो. अशा ठिकाणी लेखी बंदीची गरजच पडत नाही. माणूस आपण होऊन जपून बोलू लागतो.

तरीही काही प्रसंग नोंदवण्यासारखे आहेत. २०१३मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात आला, तेव्हा माजी कर्णधार इयान चॅपेल यांनी समालोचनाचे काम नाकारले आणि कारण जाहीरपणे सांगितले : पंचांच्या निर्णयाच्या फेरतपासणीची पद्धत, म्हणजे डीआरएस, संघनिवड आणि मंडळाचा कारभार यांवर बोलायचे नाही, अशी अट त्यांना सांगण्यात आली होती. त्या काळात भारतीय मंडळाचा डीआरएसला विरोध होता. तो २०१६च्या अखेरीस इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत सुटला. म्हणजे जगभर ज्या प्रश्नावर रोज वाद होत होता, त्यावर इथल्या समालोचन कक्षाने गप्प राहावे, अशी अपेक्षा होती. २०१६च्या आयपीएलच्या तोंडावर हर्षा भोगले यांना वगळण्यात आले आणि मंडळाने त्याचे कारण अधिकृतपणे सांगितले नाही. मार्च २०२०मध्ये संजय मांजरेकर मंडळाच्या समालोचकांच्या यादीतून बाहेर गेले. दोघेही पुढे माइकसमोर परत आले, हे खरे. पण मधल्या काळात बाकीच्यांनी जो धडा घ्यायचा तो घेतलाच असेल, असे मला वाटते.

दुसरीकडे जुलै २०२० आठवून पाहा. साउदॅम्प्टन कसोटीच्या पहिल्या दिवशी पावसाने खेळ थांबला होता, तेव्हा इंग्लंडमधल्या वाहिनीवर माजी क्रिकेटपटू मायकेल होल्डिंग आणि इबोनी रेनफर्ड-ब्रेंट वर्णद्वेषावर बोलले. त्यांनी खेळातल्या संस्थांनाही सोडले नाही. ती वाहिनीही इंग्लंडच्या मंडळाकडून पैसे मोजूनच हक्क घेते. पण समालोचक वाहिनीचे होते, मंडळाचे नव्हते. माझ्या मते सगळा फरक या नेमणुकीत आहे. आपल्याकडचे माजी खेळाडू भित्रे आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्यांनी तेज गोलंदाजांपुढे हेल्मेटशिवाय उभे राहून धावा केल्या, त्यांच्याही तोंडी मवाळ वाक्ये येत असतील, तर दोष माणसांपेक्षा करारात शोधावा.

मग खरे कळते कुठून? त्याचे उदाहरण आपल्या गहुंज्याच्या मैदानावरच आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये भारत आणि न्यूझीलंड यांच्यात तिथे कसोटी झाली. मिचेल सँटनरने सामन्यात १३ बळी घेतले, भारत ११३ धावांनी हरला आणि २०१२नंतर प्रथमच घरची कसोटी मालिका गमावली. क्रिकेटची बातमी एवढी मोठी होती की, पहिल्या दिवशी स्टँडमध्ये काय झाले ते सहज झाकले गेले असते. तिथल्या बहुतेक स्टँडवर छप्पर नाही. प्रेक्षकांना पाण्याची बाटली आत नेऊ दिली जात नाही. त्या दिवशी ऊन चढले आणि पिण्याचे पाणी पुरले नाही. लोक टाक्यांपाशी खोळंबले, आरडाओरडा झाला. वृत्तपत्रांच्या वार्ताहरांनी आणि स्वतः प्रेक्षकांनी ते जगापुढे मांडले आणि महाराष्ट्र क्रिकेट संघटनेला जाहीर माफी मागावी लागली. समालोचन कक्षाच्या वातानुकूलित काचेमागून उन्हात बसलेल्याची तहान दिसत नाही. त्यासाठी स्टँडच्या पायऱ्यांवर उभा असलेला वार्ताहर लागतो.

याच मैदानाची आणखी एक आठवण. फेब्रुवारी २०१७मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी तीन दिवसांत आटोपली. भारत १०५ आणि १०७ धावांत बाद झाला, स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत ६ बळी घेतले आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने खेळपट्टीला 'निकृष्ट' असा शेरा दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्याच्या दिवशी सकाळी, खेळपट्टीची देखभाल करणारे अधिकारी सट्टेबाज असल्याची बतावणी करणाऱ्या लोकांशी बोलत असल्याचे चित्रण एका वृत्तवाहिनीने दाखवले, आणि मंडळाने त्यांना तातडीने दूर केले. ते काम वृत्तवाहिनीचे होते, सामना दाखवणाऱ्या वाहिनीचे नव्हते, हे लक्षात घ्यावे. सामना दाखवणारी वाहिनी सामना विकत असते. तिच्याकडून तपासाची अपेक्षा करण्यात अर्थ नाही. पण तपास करणाऱ्या वार्ताहराला पगार देणारे कोणी उरणार आहे का, ही काळजी मला जास्त वाटते.

आपण समालोचन ऐकताना एक करून पाहावे. समालोचक काय बोलले यापेक्षा काय बोलले नाहीत, याची मनाशी नोंद ठेवावी. दाटीवाटीचे वेळापत्रक, तिकिटांची विक्री, दुखापत झालेल्या गोलंदाजाला पुन्हा खेळवण्याची घाई, न खेळवलेल्या खेळाडूचे नाव. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात यांपैकी काय सापडते ते पाहावे. जे वृत्तपत्र ते छापते, ते घरी घ्यावे.

हडपसरहून एक पालक विचारतात : पैसे लावून संघ निवडण्याचे ऑनलाइन खेळ सरकारने बंद केले, असे वाचले. तरी माझा कॉलेजमधला मुलगा सामन्याआधी 'आजचा संघ' सांगणारे व्हिडिओ पाहत असतो. बंदी खरी आहे की कागदावरची?

उत्तर : कायदा खरा आहे आणि कडक आहे. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने तो मंजूर केला आणि राष्ट्रपतींची संमतीही त्याच महिन्यात मिळाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, तर त्याची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सप्टेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.

परिणाम लगेच दिसला. भारतीय संघाच्या जर्सीवर ज्या कंपनीचे नाव होते, तिने सुमारे ३५८ कोटींचा करार मध्येच सोडला आणि सप्टेंबरमधील आशिया चषकात आपला संघ छातीवर प्रायोजकाचे नाव नसलेली जर्सी घालून खेळला. त्यानंतर टायर बनवणारी एक कंपनी पुढे आली. म्हणजे या पैशावाचून क्रिकेट चालणार नाही, असे जे सांगितले जात होते, ते खरे नव्हते.

मुलाच्या व्हिडिओंबद्दल : नुसता संघ सुचवणे हा गुन्हा नाही, पण व्हिडिओच्या खाली एखाद्या टेलिग्राम गटाचा दुवा असेल आणि त्या गटात पैसे मागितले जात असतील, तर तो सट्टाच आहे. मुलाला रागावण्यापूर्वी त्याच्याजवळ बसून तो दुवा कुठे नेतो ते दोघांनी पाहावे आणि पैसे गेले असतील, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी. आम्हा पत्रकारांच्या व्यवसायाबद्दलही सांगणे भाग आहे. गेली काही वर्षे अनेक क्रीडापाने आणि क्रीडाविषयक संकेतस्थळे याच जाहिरातींवर उभी होती आणि त्या काळात या खेळांत पैसे घालवणाऱ्या तरुणांच्या बातम्या क्रीडापानावर फारशा आल्या नाहीत. त्या आल्या तर गुन्हेवार्तेत. याचा विचार माझ्या सहकाऱ्यांनी करायला हवा.

कसबा पेठेतील एका कबड्डी मंडळाचे कार्यकर्ते लिहितात : आमच्या मंडळाची स्पर्धा दर वर्षी होते. पूर्वी रोजचे निकाल वृत्तपत्रांत येत. आता निवेदन पाठवले, फोन केले, तरी दोन ओळी येत नाहीत. मात्र लीगच्या संघाने सराव केला तरी फोटो येतो. आम्ही कुठे कमी पडतो?

उत्तर : आपल्या पत्रातला सल मला समजतो आणि तो माझाही आहे. कबड्डी लोकप्रिय झाली, पण कबड्डीची बातमी मैदानातून उठून स्टुडिओत गेली. २०१४मध्ये प्रो कबड्डी ही व्यावसायिक लीग सुरू झाली. १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून विजेतेपद मिळवले, तेव्हा पुण्यात आनंद झाला आणि तो रास्तच होता. त्या संघाचा कर्णधार अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातला. तो थेट मॅटवर उतरला नाही. मातीच्या मैदानांवरून, आपल्यासारख्या मंडळांच्या स्पर्धांमधून असे खेळाडू वर येतात. खो-खोचेही तसेच. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला अशा दोन्ही अंतिम सामन्यांत भारताने नेपाळला हरवले आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, पुण्याच्या मैदानांवर घडलेले होते. त्यांची नावे त्या आठवड्यात बहुतेक पुणेकरांनी पहिल्यांदा वाचली. ऑगस्ट २०२४मध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. खाशाबा जाधव यांच्या १९५२च्या पदकानंतर मराठी खेळाडूचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तो रेल्वेच्या पुणे विभागात नोकरी करत होता आणि बालेवाडीत सराव करत होता. पदकाच्या आदल्या दिवसापर्यंत त्याच्यावर किती ओळी छापून आल्या होत्या?

कारणे सरळ आहेत. क्रीडापाने कमी झाली, शहरात फिरणारे क्रीडा वार्ताहर त्याहून कमी झाले, आणि लीगच्या संघाकडून तयार मजकूर, उत्तम छायाचित्रे आणि खेळाडूंचे उद्गार वेळेआधी येऊन पडतात. उपसंपादकाला रात्री पान लावायचे असते. हाताशी जे तयार असते, ते लागते. याचा दोष आमच्याकडे अधिक आहे.

तरीही आपण विचारले आहे म्हणून आपल्या बाजूचेही सांगतो. मंडळांकडून येणारी निवेदने मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. पहिल्या परिच्छेदात उद्घाटक, प्रमुख पाहुणे, नगरसेवक, आधारस्तंभ आणि सत्कारमूर्ती. दुसऱ्यात चषकाची आणि रोख बक्षिसांची माहिती. आणि शेवटच्या ओळीत 'अंतिम सामना चुरशीचा झाला'. गुण नाहीत आणि एकाही खेळाडूचे नाव नाही. असे निवेदन बातमी होऊ शकत नाही. त्याऐवजी पाच ओळी अशा पाठवाव्यात : 'कुमारी गटाच्या अंतिम सामन्यात अमुक संघाने तमुक संघावर ३४-३१ अशी मात केली. मध्यंतराला विजेता संघ १४-१८ असा पिछाडीवर होता. उत्तरार्धाच्या बाराव्या मिनिटाला त्यांनी लोण चढवून बरोबरी साधली. अमुक हिने चढायांत ११ गुण मिळवले, तर डाव्या कोपऱ्यात तमुक हिने पाच पकडी केल्या. पराभूत संघाकडून अमुक हिने एकाकी झुंज दिली.' प्रत्येक मुलीचे पूर्ण नाव, शाळा किंवा कॉलेज आणि गाव लिहावे. हे सारे गुणलेखकाच्या तक्त्यावर असतेच; त्याच्या शेजारी लिहायला सांगितलेला एक कार्यकर्ता बसवला की पुरे.

पराभूत संघातल्या खेळाडूचे नाव देण्याचा मी आग्रह धरतो आहे, कारण निवड समितीच्या सदस्यांचे लक्ष अशा नावांकडे जाते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी अधिकृत स्पर्धेचे पडताळणी झालेले प्रमाणपत्र लागते, कात्रण चालत नाही. पण मुलीने खेळत राहावे की शिकवणी लावून घरी बसावे, असा प्रश्न घरात निघतो, तेव्हा वडिलांच्या हातात तिचे छापील नाव असणे मोठे काम करते. असे मी अनेक घरांतून पाहिले आहे.

छायाचित्र चषक वाटपाचे नको, चढाईचे किंवा पकडीचे पाठवावे. सामने रात्री उशिरा संपतात आणि शहराचे पान त्याआधी लागते, म्हणून उपांत्य सामन्यांचे निकाल संध्याकाळीच पाठवून ठेवावेत आणि अंतिम सामन्याचा निकाल संपल्या संपल्या गुणांसह मोबाइलवरून कळवावा. आपली पुढची स्पर्धा कधी आहे, ते या पत्त्यावर कळवावे. एका संध्याकाळी मी स्वतः येईन.